सहा आरक्षणं आणि नकाशात नसलेली सातवी जागा

नाशिकच्या नैऋत्येला, मुंबई-आग्रा महामार्ग आणि वालदेवी नदी यांच्या मधल्या पट्ट्यातल्या एका उपनगराचं हे प्रकरण आहे. टाकी, रस्ता, शाळा अशा सुविधांसाठी विकास आराखड्यात राखून ठेवलेल्या खासगी जागा, म्हणजे आरक्षणं, महापालिकेनं कशी मिळवायचा प्रयत्न केला, त्याची ही गोष्ट. उपनगराचं नाव दिलेलं नाही. जागामालकांच्या खुणा पुसल्या आहेत आणि प्रकरणातले आकडे बदलून गोल केले आहेत. त्या आकड्यांचा आपसातला हिशोब मात्र जुळता ठेवला आहे, कारण या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते त्या हिशोबातच आहे. नाशिक शहराचे, कायद्यांचे आणि तांत्रिक निकषांचे आकडे मूळचेच आहेत.

पार्श्वभूमी

नाशिक महापालिका ७ नोव्हेंबर १९८२ ला अस्तित्वात आली. नगरपालिकांबरोबर आसपासची गावंही हद्दीत आली. त्यामुळे शहराच्या कडेला आजही एका बाजूला मळा, दुसऱ्या बाजूला सात मजली इमारत आणि मध्ये शिवार रस्ता, असं चित्र दिसतं. हे उपनगर तसंच. सुरुवातीला अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांची बैठी घरं, मग रो-हाऊस, आणि रस्ते रुंद झाल्यावर इमारती.

शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये ६,५६,९२५ होती, २००१ मध्ये १०,७७,२३६ आणि २०११ मध्ये १४,८६,०५३. पहिल्या दशकात ४.२० लाखांची भर पडली, दुसऱ्या दशकात ४.०९ लाखांची. टक्केवारीत ही वाढ ६४ वरून ३८ वर आली, पण माणसं जवळपास तेवढीच वाढली. अंदाज बांधताना इथेच पाय घसरतो. भूमितीय पद्धतीनं, म्हणजे टक्केवारीची सरासरी पुढे रेटून, २०३१ चा आकडा साडेतेहतीस लाखांच्या पुढे जातो. अंकगणितीय पद्धतीनं तो सव्वातेवीस लाखांच्या आतच राहतो. दोन्ही पद्धती पुस्तकात दिलेल्या आहेत आणि दोघींत दहा लाख माणसांचा फरक आहे. त्यात २०२१ ची जनगणना झालीच नाही.

आणि संपूर्ण शहराचा आकडा कितीही बरोबर आला तरी तो एका उपनगराच्या टाकीसाठी कामाचा नसतो. जुन्या गावठाणात लोकसंख्या फारशी हलत नाही, वाढीचा सगळा भार कडेच्या पट्ट्यावर येतो. म्हणून या उपनगराचा अंदाज खालून वर बांधला गेला. घरगुती वीजमीटर ५,२००. त्यातले बंद किंवा नाममात्र वापराचे १५ टक्के वजा केले की राहतात ४,४२० घरं. घरामागे ४.१ माणसं धरली तर सुमारे १८,०००. परवानगी मिळालेली पण रिकामी किंवा बांधकाम चालू असलेली घरं २,६००, म्हणजे चार-पाच वर्षांत आणखी १०,७०० माणसं. ही दुसरी बेरीज महत्त्वाची, कारण तिला अंदाज म्हणता येत नाही. ती माणसं येणार हे परवानगी देतानाच ठरलेलं होतं. पुढच्या १५ वर्षांसाठी ४०,००० हा आकडा धरला. उंच टाकी आणि पंप यांचा संकल्पन कालावधी, म्हणजे किती वर्षांची गरज धरून ते बांधायचे ती मुदत, साधारण १५ वर्षांचा, वितरण वाहिन्यांचा ३० वर्षांचा धरतात. त्यामुळे एकाच योजनेत दोन मुदती सांभाळाव्या लागतात.

शहराचा सुधारित विकास आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. या उपनगरात त्यात सहा आरक्षणं होती: पाण्याची टाकी (१,६०० चौरस मीटर), प्राथमिक शाळा (४,०००), खेळाचं मैदान (६,०००), दवाखाना (१,२००), भाजी मार्केट (१,५००), आणि दोन वस्त्यांना जोडणारा १२ मीटर रुंदीचा, ३५० मीटर लांबीचा डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता. सगळी जमीन खासगी होती. चार वर्षांनंतरही त्यातली एकही जागा ताब्यात नव्हती.

अडचण

वरवर पाहता अडचण पाण्याची होती. उपनगराला पाणी शेजारच्या प्रभागातल्या टाकीच्या शेवटच्या टोकातून यायचं. १८,००० लोकांना माणशी १३५ लिटर आणि १५ टक्के गळती धरली तर दिवसाला २८-२९ लाख लिटर लागतात. प्रत्यक्षात येत होतं १४ लाखांच्या आसपास. उरलेली गरज बोअर आणि टँकर भागवत होते. नव्या इमारतींनी परवानगी घेताना, पाणी मिळेपर्यंत स्वखर्चानं व्यवस्था करू, असं हमीपत्र दिलेलं होतं. इमारत सोसायटीच्या ताब्यात गेली की हमीपत्र फायलीत राहतं आणि टँकरचं बिल सभासदांच्या माथी येतं.

धरणात पाणी नव्हतं, असं मात्र नाही. मुकणे धरणातून थेट वाहिनीनं येणारं पाणी विल्होळीच्या शुद्धीकरण केंद्रातून या बाजूला उपलब्ध झालेलं होतं. पाणी दारापर्यंत आलेलं, पण साठवायला टाकी नाही, टाकीला जागा नाही, आणि जागेपर्यंत वाहिनी नेणारा रस्ता अर्धवट. म्हणजे खरी अडचण जमिनीची होती.

जमिनीच्या बाबतीत घड्याळही चालू होतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठीची प्रत्यक्ष पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं, आणि शेजारच्या जमिनीला जे करता येतं ते त्या जमिनीलाही करता येतं. सभागृहात ठराव करून ठेवला किंवा पत्र पाठवलं, एवढ्यानं पाऊल पडलं असं न्यायालय मानत नाही. २०१७ च्या आराखड्याची दहा वर्षं २०२७ मध्ये भरतात. त्याच वर्षी सिंहस्थाची शाही स्नानं. त्याआधीची दोन-तीन वर्षं पैसा, अभियंते आणि मोजणीदार घाटांकडे, रिंगरोडकडे आणि तपोवनाकडे वळणार हे नाशिकमध्ये कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. कडेच्या उपनगरातल्या जागा घ्यायच्या तर त्याआधीच घ्यायला हव्या होत्या.

आणि एक जागा नकाशातच नव्हती. या पट्ट्याचा उतार शहराच्या मुख्य मलवाहिनीकडे नाही, वालदेवीकडे आहे. नाल्याच्या खालच्या टोकाला सगळं सांडपाणी गोळा होणार, तिथून ते उचलून मुख्य वाहिनीत टाकायला मलजल उपसा केंद्र लागणार. त्यासाठी आराखड्यात चौरस मीटरभरही जागा राखलेली नव्हती. आराखड्याच्या नकाशात सर्व्हे नंबर दिसतात, पातळ्या दिसत नाहीत. ही चूक त्यातूनच होते, आणि ती फक्त या उपनगरापुरती नाही.

समोरचे पर्याय

*जागा कशी घ्यायची*

कलम १२६ मध्ये तीन वाटा आहेत: समजुतीनं रोख मोबदला, मोबदल्यात टीडीआर (दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा, विकताही येणारा हक्क), किंवा २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं सक्तीचं संपादन.

रोखीचा हिशोब सरळ आहे. शहरी हद्दीत गुणक १, त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे ढोबळमानानं बाजारमूल्याच्या दुप्पट. रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या जमीन-मूल्याच्या तक्त्यातला दर चौरस मीटरला ६,००० रुपये धरला तर टाकीच्या १,६०० चौरस मीटरला १ कोटी ९२ लाख. रस्ता सोडून पाचही आरक्षणं रोखीनं घ्यायची तर १४,३०० चौरस मीटरला १७ कोटी १६ लाख. त्या वर्षी या भागासाठी हाताशी होते साडेतीन कोटी.

म्हणून पहिला सूर निघाला की सगळ्यांना टीडीआर देऊ, महापालिकेचा एक रुपयाही जाणार नाही. कागदावर मोबदला भरघोस दिसतो. दाट वस्तीबाहेरच्या जमिनीला क्षेत्राच्या दुप्पट, म्हणजे १,६०० ला ३,२०० चौरस मीटर. पण टीडीआर वापरताना रेडीरेकनरचं गुणोत्तर लागतं. जिथून तो निघाला तिथला दर भागिले जिथे वापरायचा तिथला दर. कडेच्या जमिनीचा दर ६,००० आणि गंगापूर रोडसारख्या भागातला दर २४,००० धरला तर ३,२०० चे उरतात ८००. शेतकऱ्याला हे पहिल्या बैठकीत कळत नाही. दुसऱ्या बैठकीत तो पुतण्याला किंवा ओळखीच्या बिल्डरला घेऊन येतो तेव्हा कळलेलं असतं, आणि मग तो महापालिकेचा कुठलाच आकडा खरा धरत नाही. त्यामुळे ३,२०० च्या शेजारी ८०० पहिल्याच दिवशी लिहून दाखवणं बरं. टीडीआर कडेच्या भागात चालत नाही असं नाही. ज्याची उरलेली जमीन तिथेच आहे आणि जो तिथेच बांधणार आहे, त्याच्या बाबतीत दोन्ही दर सारखे असतात आणि काहीच घटत नाही. टीडीआर कुणाला द्यायचा हे मालकाची उरलेली जमीन पाहून ठरवायला हवं होतं. सुरुवातीला ते आरक्षणाच्या प्रकारावरून ठरवलं जात होतं.

सक्तीच्या संपादनात सामाजिक परिणामांच्या अभ्यासापासून निवाड्यापर्यंतचे टप्पे, आणि शिवाय न्यायालय. वेळेच्या हिशोबात ते बसत नव्हतं. समावेशक आरक्षण ही आणखी एक वाट एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत आहे. मालकानं सुविधा बांधून ठराविक हिस्सा महापालिकेला द्यायचा आणि उरलेल्या जागेवर स्वतः विकास करायचा. मैदान आणि मार्केटसाठी ती विचारात घेण्यासारखी होती.

*कुठली जागा आधी घ्यायची*

सगळ्यात जास्त चर्चा यावर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. लोकांची मागणी मैदान आणि भाजी मार्केटची होती. पाण्यासाठी मोर्चा निघतो, पण टाकीच्या जागेसाठी कुणी निवेदन देत नाही. शेवटी सातही जागांची विभागणी एकाच प्रश्नावर केली गेली: ही सुविधा दोनशे-तीनशे मीटर सरकवली तर चालते का?

शाळा सरकते. पहिली ते पाचवीच्या मुलांना एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, एवढीच अट आहे. दवाखाना सरकतो, भाड्याच्या गाळ्यातही चालतो. मार्केट सरकतं. मैदान थोडं अवघड, कारण ६,००० चौरस मीटरचा सलग तुकडा नंतर मिळत नाही, पण पातळीचं बंधन त्यालाही नाही. टाकी, तिला भरणाऱ्या वाहिनीचा रस्ता आणि उपसा केंद्र मात्र सरकत नाहीत. त्यांची जागा उतारानं ठरवलेली असते. अंदाजपत्रकातली रक्कम आधी त्यांच्यावर खर्च करायची, असं ठरलं.

*टाकी कुठे*

४०,००० लोकांची रोजची गरज साडेत्रेसष्ट लाख लिटर. साठवण साधारण तिसऱ्या हिश्शाची, म्हणून २० लाख लिटरची टाकी. पाण्याची खोली ५ मीटर धरली तर व्यास साडेबावीस मीटर येतो. भोवती फिरायची जागा, व्हॉल्व्ह चेंबर आणि क्लोरिनची खोली धरून १,६०० चौरस मीटर पुरतात.

टाकीच्या तळाची पातळी अशी ठरते: पुरवठ्याच्या क्षेत्रातली सर्वांत उंच जमीन समुद्रसपाटीपासून ५९२ मीटर, दुमजली घरासाठी किमान शिल्लक दाब १२ मीटर, वाहिन्यांतली घट ४ मीटर. एकूण ६०८. पूर्ण भरल्यावरची पातळी ६१३. तीन जागा समोर होत्या. आरक्षित जागेची जमीन ५८८ वर, म्हणजे खांबांची उंची २० मीटर. टेकाडावरची एक खासगी जागा ५९४ वर, तिथे १४ मीटर पुरले असते. तिसरी एका ले-आऊटची मोकळी जागा ५८१ वर, तिथे २७ मीटर.

मोकळ्या जागेचा आग्रह मोठा होता, कारण ती फुकट होती. पण ती ले-आऊटमधल्या प्लॉटधारकांच्या वापरासाठी सोडलेली असते. तिथे टाकी उभी करायची तर शंभर घरांशी वाद, वर सात मीटर जादा खांब आणि शेवटच्या टोकापर्यंत लांब वाहिनी. टेकाडाच्या बाजूनं अभियंत्यांचा कल होता. पण ती जागा आरक्षणाबाहेर. आरक्षण सरकवायचं तर कलम ३७ खाली फेरबदल, महिनाभर हरकती-सूचना, सुनावणी, शासनाची मंजुरी. आणि एक गोष्ट सुरुवातीला नजरेआड झाली होती: तिन्ही जागांना पाणी चढवायचं ते ६१३ पर्यंतच. जमीन उंच असली म्हणून वाहिनीत लागणारा दाब कमी होत नाही, फक्त खांब आखूड होतात. सहा मीटर खांबांच्या बचतीसाठी वर्ष-दीड वर्ष घालवायचं की नाही, एवढाच प्रश्न उरला. आरक्षित जागाच पक्की झाली.

काय केलं

मार्च २०२२ मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपून प्रशासकीय राजवट सुरू झाली. ठराव पटकन होऊ लागले. पण मालकाला घरी जाऊन समजावणारा, भावकीतला तंटा ठाऊक असणारा नगरसेवक मधून गेला. समजुतीच्या खरेदीत त्याची उणीव चांगलीच भासली.

टाकीच्या सातबारावर अकरा नावं होती. वाटप झालेलं नव्हतं, दोन बहिणी लग्न होऊन निफाड आणि सिन्नरकडे, आणि विकास सोसायटीचा जुना बोजा उतरवलेला नव्हता. कर्ज केव्हाच फिटलेलं, पण दाखला आणून तलाठ्याकडे नोंद करायची राहून गेलेली. रोख मोबदला असल्यानं हक्कसोडपत्रावर सह्या होईनात. बहिणींना त्यांचा हिस्सा थेट त्यांच्या खात्यात हवा होता, आणि ते रास्तच होतं. अकरा स्वतंत्र खात्यांत रक्कम जमा करायची तयारी दाखवल्यावर गाडं हललं. मग भूमी अभिलेखची संयुक्त मोजणी, हद्दीचे दगड, खरेदीखत, कब्जा पावती आणि त्याच आठवड्यात तारेचं कुंपण. मोजणी आणि कुंपण यांत सहा महिने गेले तर दुसऱ्यांदा मोजणी करावी लागते, हा कडेच्या भागातला नेहमीचा अनुभव आहे.

डीपी रोड दोन मालकांच्या जमिनीतून जात होता. पहिल्या मालकाची उरलेली जमीन रस्त्यालाच लागून होती. त्याला टीडीआर तिथेच वापरता येणार होता, रस्त्यानं त्याची दर्शनी बाजूही वाढणार होती. त्यानं जागा दिली. दुसऱ्याची जमीन रस्त्यात जवळजवळ संपत होती. त्याच्यासाठी टीडीआर म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीला विकायचा कागद. त्यानं नकार दिला आणि रस्ता १४० मीटरवर अडला.

पुढचा निर्णय या प्रकरणातला सर्वांत नाजूक होता. मुख्य वाहिनीच्या जोडणीपासून टाकीपर्यंत अंतर दीड किलोमीटर. जोडणीच्या ठिकाणी उपलब्ध दाब ६१७ च्या पातळीचा, टाकीत पाणी वरून पडणार ६१३ ला. म्हणजे वाटेत घालवायला ४ मीटर. दिवसातले २२ तास धरून साडेत्रेसष्ट लाख लिटर आणायचे तर सेकंदाला ८० लिटर लागतात. ४०० मिलिमीटरच्या वाहिनीत एवढ्या प्रवाहाला दीड किलोमीटरमध्ये १.६ मीटर दाब खर्च होतो, आणि शिल्लक राहते. ३०० मिलिमीटरच्या वाहिनीत तोच खर्च ६.४ मीटर. तेवढा दाब नाहीच, म्हणून प्रवाह ६२ लिटरवर थांबतो.

अडलेला रस्ता टाळून शिवार रस्त्यानं वाहिनी न्यायची तर त्या अरुंद रस्त्यात आधीच असलेली वीजकेबल आणि गटार पाहता ३०० मिलिमीटरचीच बसत होती. एक बाजू म्हणाली, ४०० मिलिमीटरची टाकायची असेल तर रस्ता मिळेपर्यंत थांबा. दुसरी बाजू म्हणाली, ६२ लिटर म्हणजे दिवसाला ४९ लाख लिटर, ते सुमारे ३१,००० लोकांना पुरतात, आणि आज लोक आहेत १८,०००. दुसरी बाजू मान्य झाली, आणि ते बरोबरच होतं. परवानगी दिलेली घरं भरल्यावर लोकसंख्या २९,००० च्या आसपास जाणार होती, म्हणजे तात्पुरत्या वाहिनीचं आयुष्य पाच वर्षं. टाकीच्या तळाशी ४०० मिलिमीटरचा इनलेट, म्हणजे पाणी आत घेणाऱ्या वाहिनीचं तोंड, आणि त्याला बंद झाकण ठेवलं, पुढे टाकी न रिकामी करता जोडता यावं म्हणून.

उपसा केंद्रासाठी नाल्याच्या खालच्या टोकाला ६०० चौरस मीटरची जागा समजुतीनं मिळाली, ७२ लाखांत. करार होण्याआधी पूररेषेचा नकाशा वर ठेवून पाहिला तर निम्मी जागा निळ्या रेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या कक्षेत. ती तशीच घेतली असती तर बांधकामाची परवानगीच अडली असती. त्याच मालकाच्या गटात चाळीस मीटर वर सरकून जागा घेतली आणि वीज पॅनेल, जनित्र यांचा ओटा लाल रेषेच्या, म्हणजे शंभर वर्षांच्या पूरपातळीच्या वर ठेवला. विहीर त्यामुळे खोल गेली. सव्वातीन मीटरवर काळा दगड लागला, ब्रेकरचा खर्च वाढला. क्षमतेचा हिशोब पाण्याच्या ८० टक्के सांडपाणी असा: सरासरी सेकंदाला ५० लिटर, आणि २० ते ५० हजार लोकवस्तीसाठीचा २.५ हा गुणक लावून कमाल १२५ लिटर.

सरकणाऱ्या सुविधांचं लवकर आटोपलं. दवाखाना एका इमारतीच्या तळमजल्यावर भाड्यानं सुरू झाला. ५०,००० लोकसंख्येला एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष पाहता तेवढा पुरेसा होता. शाळेसाठी एका मोठ्या ले-आऊटमधून मिळालेला २,१०० चौरस मीटरचा सुविधा भूखंड वापरायचं ठरलं. प्राथमिक शाळेच्या ४,००० च्या निकषाला तो निम्माच. पण तो मैदानाच्या आरक्षणाला लागून होता, त्यामुळे मैदान आलं तर शाळेला वेगळं अंगण लागणार नव्हतं. मैदानाच्या मालकाशी समावेशक आरक्षणाची बोलणी सुरू झाली. मार्केट बाजूला ठेवलं.

काय निष्पन्न झालं

टाकी उभी राहिली. पाणी भरून सात दिवस ठेवल्यावर बाहेरून दोन ठिकाणी ओल दिसली, ग्राउटिंग करून, म्हणजे भेगांत सिमेंटचं मिश्रण दाबून भरून, पुन्हा भरली. पुरवठा सुरू झाल्यावर टँकर जवळपास बंद झाले, पण लगेच नाही. जुन्या वितरण वाहिन्या शेवटच्या टोकाच्या हिशोबानं टाकलेल्या, निमुळत्या होत गेलेल्या. आता पाणी उलट बाजूनं येऊ लागलं आणि जिथे पूर्वी १५० मिलिमीटर होती तिथे गरज कमी, जिथे १०० तिथे जास्त. दोन गल्ल्यांत दाब इतका वाढला की जुने नळजोड फुटले. टाकीच्या अंदाजपत्रकात वितरण वाहिन्या बदलण्याची तरतूद नव्हती, ती वेगळी करावी लागली आणि त्यात पावसाळा गेला.

उपसा केंद्र चालू आहे. वीज गेली की जनित्र सुरू होतं, पण डिझेल संपलं की सांडपाणी नाल्यात जातं, नाल्यातून वालदेवीत. ही भीती आधीपासून होती आणि ती खरी ठरली आहे.

मैदानाची बोलणी मालकानं किती जागा स्वतःकडे ठेवायची यावर अडली. शाळेची इमारत सुविधा भूखंडावर सुरू झाली, मैदान अजून नाही.

आणि तात्पुरती वाहिनी चांगली चालते आहे, हीच तिची अडचण. तक्रार नाही म्हटल्यावर अडलेल्या डीपी रोडची फाईल कुणी उघडत नाही. इमारती मात्र ठरल्या वेगानं भरत आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

दुसऱ्या रस्तामालकाला टीडीआर देऊ केला ही चूक होती. उपसा केंद्र आणि टाकी यांवर २ कोटी ६४ लाख खर्च झाल्यावर साडेतीन कोटींतले ८६ लाख शिल्लक होते. रस्त्याची त्याच्याकडची जमीन २१० मीटर लांब, १२ मीटर रुंद, म्हणजे २,५२० चौरस मीटर. तिला रोखीनं तीन कोटींच्या पुढे लागले असते, ते नव्हतेच. पण वाहिनीला पूर्ण बारा मीटर लागत नाहीत. तीन मीटरची पट्टी, ६३० चौरस मीटर, सुमारे साडेपंचाहत्तर लाखांत आली असती आणि ४०० मिलिमीटरची वाहिनी पहिल्याच झटक्यात गेली असती. रस्ता म्हणजे पूर्ण रुंदीच, हे इतकं डोक्यात बसलेलं होतं की पट्टीचा विचार पुढे आलाच नाही.

तात्पुरत्या वाहिनीच्या मंजुरीत तारीख नको होती, आकडा हवा होता. अमुक वर्षी बदला असं लिहिलं की ते वर्ष निघून जातं. त्याऐवजी मंजुरीतच लिहिता आलं असतं की या क्षेत्रातले नळजोड अमुक संख्येवर गेले की त्यापुढची भोगवटा प्रमाणपत्रं ४०० मिलिमीटरच्या वाहिनीशी जोडली जातील. मग फाईल उघडायची घाई बिल्डरांनाच झाली असती, आणि रस्तामालकाशी बोलणी करायला तेही बसले असते.

नाल्यालगत ले-आऊट मंजूर होत असताना प्रत्येकाकडून तीन मीटरची सेवापट्टी घेतली असती तर सांडपाणी उताराच्या बळावर खालपर्यंत नेता आलं असतं आणि कदाचित उपसा केंद्राचं डिझेल वाचलं असतं. आता त्या काठावर चार ठिकाणी कंपाउंड भिंती आहेत. ही संधी ले-आऊट मंजुरीच्या टेबलावर एकदाच येते.

आराखड्याच्या नकाशावर समपातळी रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, चढवून पाहणं हे दोन माणसांचं आठवड्याभराचं काम आहे. उपसा केंद्राची उणीव त्यात तेव्हाच दिसली असती, आणि टाकीची जागा टेकाडावर घ्यायची की नाही हा वादही आरक्षण टाकतानाच मिटला असता. शहराच्या दक्षिण आणि पूर्व कडेच्या उरलेल्या आरक्षणांसाठी ते अजून करता येण्यासारखं आहे.

शाळेची मूळची ४,००० चौरस मीटरची आरक्षित जागा अजून आरक्षितच आहे. सुविधा भूखंडावर शाळा होत असल्यानं ती सोडून द्यावी असा एक मतप्रवाह आहे. दुसरा असा की ४०,००० वस्तीला निकषानं आठ प्राथमिक शाळांची जागा लागते, खासगी शाळा धरूनही ती भरत नाही, आणि मोकळी चार हजार चौरस मीटर जमीन या भागात पुन्हा दिसणार नाही. मालकाचा नोटिशीचा हक्क २०२७ मध्ये सुरू होतो, त्यानंतर दोन वर्षं. मैदानाची बोलणी फिसकटली तर हीच जागा मैदान म्हणून घ्यायची आणि त्यासाठी कलम ३७ चा फेरबदल नोटीस येण्याआधी सुरू करायचा, असा प्रस्ताव तयार आहे. त्यासाठी २०२७-२८ च्या अंदाजपत्रकात ४ कोटी ८० लाख धरावे लागतील.